ट्रेकला वॉकीटॉकी: लायसन्स लागतं का?

सह्यवेडा: नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करतोय. मोबाइलला रेंज नाही, आणि सोबत नवखी मुलं आहेत. पुढच्या-मागच्या लीडरचं बोलणं तुटायला नको. ऑनलाइन पाच वॅटचे सेट स्वस्त दिसतात, घेऊ का?

रानवाट: ते नको! भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी पॉवरच्या सेटना २०१८ च्या नियमांनुसार लायसन्स माफ आहे. पण मॉडेलला ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाला मिळणारी सरकारी मंजुरी, हवीच. विक्रेत्याकडे सर्टिफिकेट मागा, नुसत्या ‘लायसन्स फ्री’ जाहिरातीवर जाऊ नका.

सह्यवेडा: मी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सची, परीक्षा दिली तर?

रानवाट: जरूर द्या, पण ते लायसन्स तुमच्यापुरतंच. पलीकडचाही लायसन्सधारक लागतो. ४४६ वालेच घ्या. कडा आड आला की आवाज तुटतो, म्हणून मधल्या माणसाकडेही एक सेट द्या.