विमाननगरात भाड्याने फ्लॅट बघतोय: विमानांचा आवाज, करार, डिपॉझिट याबद्दल विचारायचंय

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. मुलीची नोकरी पुण्यात खराडीच्या ईऑन आयटी पार्कात आहे. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, मधूनमधून उशिराची पाळी. ती आणि तिची मैत्रीण मिळून विमाननगर किंवा कल्याणीनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट बघताहेत. मेंटेनन्स धरून ३८,००० पर्यंत चालेल.

विमानतळाशेजारी राहणं म्हणजे काय याची आम्हाला कल्पना नाही, कवलापूरला विमानतळ होणार एवढंच वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तेव्हा आवाजाचा त्रास कुठे जास्त, कुठे कमी हे कसं ओळखायचं? दुसरं म्हणजे, आपल्याकडे पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की भागतं. एजंटही तेच म्हणतोय. तिकडे चालतं का? डिपॉझिट तीन महिन्यांचं मागताहेत, ते परत मिळेल याची तजवीज काय करायची? सोसायटीवाले 'भाडेकरू शुल्क' म्हणून वेगळे पैसे मागतात म्हणे, ते कोणी द्यायचे?

धावपट्टी_पूर्वपश्चिम

आवाजाचं मी सांगतो.

विमानतळापासून घर किती लांब यापेक्षा ते धावपट्टीच्या कुठल्या अंगाला आहे हे बघा. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे विमानं चढता-उतरताना एका टोकाला वाघोलीकडून आणि दुसऱ्या टोकाला टिंगरेनगर, धानोरी, कळस या बाजूवरून जातात. विमाननगर धावपट्टीच्या दक्षिणेला, म्हणजे बाजूला येतं. म्हणून नकाशावर विमाननगर विमानतळाला अगदी चिकटून दिसलं तरी प्रवासी विमान डोक्यावरून घासून जात नाही, बाजूने घरघर ऐकू येते. उलट बऱ्याच अंतरावरचा एखादा फ्लॅट धावपट्टीच्या रेषेत असला तर तिथे बोलणं थांबवावं लागतं. कल्याणीनगर आणखी दक्षिणेला, तिथे त्याहून कमी.

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढतं आणि उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे उतरणं वाघोलीकडून आणि उड्डाण धानोरी-कळसकडे. उड्डाणाला इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, म्हणून त्या बाजूला पावसाळ्यात त्रास जास्त. वारा फिरला की बाजू बदलते. एका दुपारी जाऊन 'इथे तर शांत आहे' असं ठरवू नका.

खरा आवाज प्रवासी विमानांचा नाहीच. लोहगाव मुळात वायुदलाचा तळ आहे, तिथे सुखोई-३० असतात. सुखोई उडालं की विमाननगरातही खिडक्या थरथरतात. ही उड्डाणं बहुतेक कामाच्या दिवशी होतात, आणि विमानं दाखवणाऱ्या मोबाईल ॲपमध्ये ती दिसतीलच असं नाही. म्हणून फ्लॅट दोनदा बघा: एकदा सोमवार ते शुक्रवारमध्ये सकाळी, एकदा रात्री दहानंतर. एजंट रविवारी दुपारीच बोलावतो, कारण त्याला ते सोयीचं असतं. 'पुरंदरला नवीन विमानतळ झाला की इथला आवाज जाईल' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. प्रवासी विमानं गेली तरी वायुदल कुठे जाणार आहे?

आता खिडक्या. बहुतेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. आवाज काचेतून येतो त्यापेक्षा जास्त फटीतून येतो. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे केसाळ पट्टी असते, ती काही वर्षांत झिजते. खिडकी बंद करून कडी लावा आणि त्या सांध्यात साधा कागद सरकवून बघा. कागद आरपार गेला तर आवाजही जाणार, धूळही जाणार. पट्टी बदलून देणं स्वस्त काम आहे, ताबा घेण्याआधी मालकाकडून करून घ्या. दारासारखी उघडणारी, रबराची पट्टी असलेली यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीची) खिडकी बेडरूमला असेल तर उत्तम. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. बेडरूम दक्षिणेला असलेला फ्लॅट मिळाला तर तो घ्या, मग हॉल उत्तरेला असला तरी चालेल.

करारमदार

एजंटला सरळ सांगा, नोटरी चालणार नाही. पुण्यात नाही आणि सांगलीतही नाही, कायदा अख्ख्या महाराष्ट्राला एकच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे वाक्य नीट वाचून दाखवलं की तो स्वतःच नोंदणीला तयार होतो.

खर्च किती येतो ते बघा. भाडं ३५,००० धरा, ११ महिन्यांचे ३,८५,०००. डिपॉझिट १,०५,०००, त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ११ महिन्यांचे ९,६२५. एकूण ३,९४,६२५, त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे हजाराच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००. त्यावर कागद हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतात, पण ते आधी बोलून ठेवा. सगळं ऑनलाइन होतं: आधार, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅमवर फोटो. मालक दुसऱ्या गावी असला तरी त्याचा अंगठा तिकडे घेता येतो. 'मालक पुण्यात नाही म्हणून नोटरी' ही सबब ऐकून घेऊ नका.

'अकरा महिने' ही नुसती सवय आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही हा जुना केंद्रीय नियम, आणि महाराष्ट्रात कलम ५५ मुळे त्याचा उपयोग नाही. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. २२ किंवा ३३ महिन्यांचा केला, दर ११ महिन्यांनी किती टक्के वाढ ते आत लिहिलं, की दरवर्षी एजंट नूतनीकरणाची दलाली मागायला उभा राहत नाही. पुण्यात एका महिन्याचं भाडं दलाली हा रिवाज आहे, कायदा नाही. घासाघीस करा.

दोघींची नावं करारात घाला आणि प्रत्येकीने आपला वाटा आपल्या बँक खात्यातून द्यावा. एकीचंच नाव असेल तर घरभाडे भत्त्याची सवलत मागताना दुसरीची पंचाईत होते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनी मालकाचा पॅन मागते, तो आत्ताच घेऊन ठेवा.

माहुली_स्टेशन

साताऱ्याहून लिहितोय, पण मालकांची बाजू जवळून माहीत आहे, म्हणून डिपॉझिटचं सांगतो.

पैसे अडतात ते तीन गोष्टींवर: रंग, साफसफाई आणि 'आधी नव्हतं' हा वाद. पहिल्या दोन्हींचा आकडा करारातच घाला. 'वापराने होणारी नेहमीची झीज वगळता' हे शब्द हवेत, नाहीतर भिंतीवरच्या एका खिळ्यासाठी अख्ख्या घराच्या रंगाचं बिल पुढे येतं. 'डिपॉझिट ताबा परत देताना, त्याच दिवशी, बँकेने' असं लिहून घ्या. नुसतं 'योग्य वेळेत' लिहिलं की दोन-दोन महिने फोन करत बसावं लागतं. तिसऱ्यावर उपाय म्हणजे सामानाची यादी. गीझर, एसी, पंखे, वॉटर प्युरिफायर, मॉड्युलर किचनचे ट्रॉली-बिजागर, सगळं करारासोबत जोडा. ताबा घेताना चालतं-बोलतं व्हिडिओ शूटिंग करून मालकाला व्हॉट्सॲप करा. सिंकखालचं कपाट उघडून तळाची प्लाय फुगलीय का तेही त्यात येऊ द्या. पुण्यात सगळ्यात आधी तीच सडते आणि जाणाऱ्याच्या गळ्यात पडते.

विजेचं मीटर न बघता टोकन (जागा धरून ठेवायची आगाऊ रक्कम) देऊ नका. बिलावरचा महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक दोन्ही जुळवा, थकबाकी बघा. मग फ्लॅटमधला मेन एमसीबी (मुख्य स्विच) पाडा आणि पार्किंगमधल्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा थांबतो का ते एकाने खाली उभं राहून बघा. थांबला नाही तर त्या मीटरवर दुसरं काहीतरी जोडलंय.

लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ जागा न सोडण्याची अट, बघा. 'सहा महिने सोडता येणार नाही' ही अट दोघांनाही लागू हवी. फक्त भाडेकरूला लागू असेल तर मालक दुसऱ्या महिन्यात 'विकायचाय' म्हणू शकतो.

विश्रामबाग_सांगली

फार आभार. एक गंमत झाली. एका जाहिरातीत फ्लॅट झकास आणि भाडं २२,००० च. मालक म्हणतो मी वायुदलात आहे, बदली झाली, चावी पहारेकऱ्याकडे आहे, आधी ५,००० टोकन पाठवा. काय करू?

करारमदार

पाठवू नका. लष्करी अधिकारी असल्याचं सांगून, ओळखपत्राचा फोटो धाडून टोकन घ्यायचं, ही जुनी फसवणूक आहे. पुढची पायरी क्यूआर कोडची असते: 'स्कॅन करा, तुमचे पैसे परत येतील'. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. लोहगावशेजारी वायुदलाचं नाव खरं वाटतं, म्हणून इथे हा प्रकार खपतो.

खऱ्या मालकाची खूण म्हणजे खरेदीखताची इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयाचा उतारा), महापालिकेचं मिळकतकराचं बिल आणि वीजबिल, तिन्हीवर नाव एकच. मालक परदेशी असेल आणि भाऊ सही करत असेल तर कुलमुखत्यारपत्रात भाड्याने द्यायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का ते वाचा.

सोसायटी_खजिनदार

राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर. 'भाडेकरू शुल्क' म्हणजे बिगर-भोगवटा शुल्क, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते. ते मालकाचं देणं आहे. सहकारी सोसायटीला ते सेवाशुल्काच्या (पहारेकरी, कर्मचारी यांसारख्या नेहमीच्या खर्चाच्या वाट्याच्या) १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. टक्के सेवाशुल्कावर लागतात, पूर्ण मेंटेनन्स बिलावर नाही. सेवाशुल्क ३,००० असेल तर ३००. त्यामुळे 'भाडं + मेंटेनन्स' असा करार करताना मेंटेनन्सचा आकडा ठरवून लिहा आणि 'इतर सर्व आकारणी मालकाकडे' असं पुढे जोडा.

पाण्याचं आवर्जून विचारा. शहराच्या या पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी मिळतं, तरी उन्हाळ्यात काही इमारतींत टँकर येतातच. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा वाटतात, हे पहारेकऱ्याला विचारा, एजंटला नाही. 'पाहुण्यांना रात्री बंदी', 'मुलींना दहानंतर गेट बंद' असले तोंडी नियम असतील तर लेखी मागा. बहुतेक ठिकाणी लेखी काहीच नसतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून पावती घ्या, ती सोसायटी मागते. गच्चीवरून ड्रोन उडवायचा विचारही नको, वायुदल शेजारी आहे.

धावपट्टी_पूर्वपश्चिम

जागेबद्दल एक. ऑफिस ईऑनला असेल तर कल्याणीनगर कशाला? रोज नगर रोडचा जास्तीचा तुकडा पार करावा लागेल. विमाननगरात फिनिक्स मॉल आणि दत्त मंदिर चौकाच्या आसपास संध्याकाळी गाडी हलत नाही, त्यामुळे नगर रोडच्या तोंडावर घर घेण्यापेक्षा थोडं आत, क्लोव्हर पार्क किंवा कोणार्कनगरच्या बाजूला बघा. सांगलीहून येणं-जाणं सोपं आहे. रेल्वेने पुणे स्टेशनला उतरलं की तिथूनच मेट्रो थेट रामवाडीला, गाडी बदलायची गरज नाही. रामवाडी विमाननगरच्या तोंडाशीच आहे, तिथून पुढे रिक्षा. एसटीने स्वारगेटला आलात तर तिथूनही मेट्रो आहे, फक्त जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलायची. उशिराच्या पाळीला मेट्रो बंद झालेली असते, तेव्हा कंपनीची गाडी दारापर्यंत येते की चौकात सोडते ते मुलीला आधी विचारायला सांगा. गल्ली त्यावरून ठरवा.