सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या इंटरव्ह्यूला बसलात तेव्हा काय झालं?

परवा एका उमेदवाराचा इंटरव्ह्यू घेत होते. प्रश्न विचारला आणि समोर शांतता. स्क्रीनवर त्याचा कर्सर नुसता लुकलुकत होता. एकदम माझाच इंटरव्ह्यू आठवला.

सिस्टिम डिझाइनला, म्हणजे अख्खी सेवा कशी बांधाल ते सांगायच्या राउंडला, लांब लिंक छोटी करणारी सेवा आली होती. सगळं पाठ. ६२ चिन्हं, ७ अक्षरांचा कोड, म्हणजे साडेतीन लाख कोटी जोड्या, धडाधड सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "रीडायरेक्ट ३०१ देणार की ३०२?" (छोट्या लिंकवरून मूळ पानाकडे पाठवणं म्हणजे रीडायरेक्ट; ३०१ कायमचा, ३०२ तात्पुरता.) मी म्हटलं ३०१, लिंक कायमची आहे ना. "मग क्लिक कसे मोजाल?" घशाला कोरड पडली. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, पुढच्या खेपेला आपल्या सर्व्हरकडे फिरकतच नाही! बाई म्हणाल्या, "सावकाश. बोलत बोलत विचार करा," आणि खरंच थांबल्या. दोन मिनिटांनी सापडलं, ३०२. ती नोकरी मिळाली नाही, पण त्या बाई अजून आठवतात. परवा मीही थांबले.

तुमचे अनुभव लिहा ना.

—

माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. प्रश्न होता एलआरयू कॅश, म्हणजे जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली नोंद काढून टाकणारा साठा. नोंद पटकन शोधायला हॅशमॅप, नोंदींची पुढे-मागे जोडलेली साखळी म्हणजे डबली लिंक्ड लिस्ट, सगळं बरोबर, फक्त साखळीतला मधला नोड (एक नोंद) काढताना मागचा पॉइंटर (दुवा) जोडायचा राहिला. समोरच्यांचा कॅमेरा बंद, कीबोर्डची खटखट तेवढी ऐकू येत होती. ५ राउंड झाले आणि पुढे काहीच नाही. तीन आठवडे सकाळी उठून आधी मेल बघायचो. नकार तरी कळवा हो.

—

नकार कळवा याला +१. फार लागतं ते.

—

बायनरी सर्चला (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून निम्मी यादी सोडत शोधणं) सोपं समजू नका. मधली जागा काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून भागिले दोन केलं की मोठ्या अ‍ॅरेत (यादीत) बेरीज इंटमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या पूर्णांकात, मावत नाही. जावाच्या लायब्ररीतसुद्धा ही चूक नऊएक वर्षं होती, २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर लिहिलं. मी आधी वजाबाकी केली, निम्मे लोमध्ये मिळवले आणि का ते सांगितलं. तिथून गप्पाच रंगल्या. निवड झाली.

—

बाळ झोपलंय तेवढ्यात लिहिते. दोन वर्षांच्या गॅपनंतर बसले होते, हात थरथरत होते. "तुमच्या हातून बिघडलेलं एखादं डिप्लॉयमेंट सांगा." (म्हणजे नवा बदल सर्व्हरवर चालू करणं.) मी डेटाबेसच्या टेबलमधला कॉलम काढून टाकला होता आणि जुना कोड अजून चालूच होता. सगळं खरं सांगितलं. तोच राउंड सगळ्यात चांगला गेला. उठलं वाटतं, येते.

—

ताई, आम्हाला याच आठवड्यात कॉलम काढायचाय. आधी कोड बदलायचा ना?

—

हो. आधी कोडमधून त्याचा वापर पूर्ण बंद करा, नवा कोड सगळ्या सर्व्हरवर गेला की मगच कॉलम काढा. बॅकअप घ्याच.

—

धागाकर्त्या ताई, परवाच्या त्या मुलाचं काय झालं?

—

त्याला सुचलं. उद्या पुढचा राउंड आहे.