मदत हवी आहे: जंगलातून तळ्यापर्यंतची गोल वाट, कोणत्या बाजूने सुरू करू?

रुणझुण (शुक्रवार, रात्री ८:४०)
उद्या सकाळीच निघतोय, म्हणून घाईत लिहितेय. जंगलातून डोंगरातल्या तळ्यापर्यंत जाऊन परत येणारी गोल वाट आहे. पाटीवर ‘सोपी, ७ किमी’ एवढंच लिहिलंय. मुलं बरोबर आहेत. डावीकडून सुरू करू की उजवीकडून? घरात एकमत होत नाहीये.

डोंगरवेडा (८:५२)
मुलं किती वर्षांची? चढ किती? तळं नेमकं मध्यावर आहे की एका बाजूने जवळ? सपाट ७ किमी आणि ५०० मीटर चढाचे ७ किमी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाऊलखुणा (८:५८)
गोल वाट हवीच कशाला? गेलात त्याच वाटेने परत या. गोल वाटेवर अर्धं अंतर ओलांडलं की मागे फिरून काही वाचत नाही. पोरगं रडो की पाय मुरगळो, उरलेलं चालावंच लागतं.

डोंगरवेडा (९:०३)
असहमत. त्याच वाटेने परतताना मुलं कंटाळतात. माझी लेक ‘हे तर बघितलंय’ म्हणून दर वळणावर बसकण मारायची.

शांतजल (९:०६)
पोहणार असाल तर जपून. अशी तळी ऐन उन्हाळ्यातही गार असतात. एकदम गार पाण्यात पडलं की श्वासावर ताबा राहत नाही, तोंडात पाणी जातं आणि पट्टीचे पोहणारेही बुडतात. काठावरही लहानग्याचा हात सोडू नका.

रुणझुण (९:१५)
पोहायचं नाहीये हो कुणाला! मोठी ८ वर्षांची, धाकटा ४. नकाशात बघितलं: पार्किंग १५०० मीटरवर, तळं १८०० वर. डावीकडून तळं ३ किमी, उजवीकडून ४. एवढ्या उंचीवर मुलांना त्रास होतो का? आणि डावी की उजवी, तेवढं सांगा ना.

नकाशेवाचक (९:३१)
विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे ती काळजी नको. पण ३०० मीटर वर जाताय म्हणजे तळ्यावर साधारण २ अंश जास्त गार असेल, वारा वेगळाच. मुलांचे स्वेटर घ्या.

वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून चालतो: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमच्या वाटेला जेमतेम दोन तास होतात, पण ते न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचे. चार वर्षांचं मूल बरोबर असेल तर सरळ दुप्पट धरा, शिवाय तळ्यावरचा वेळ.

आता तुमचा प्रश्न. नकाशावरच्या समोच्च रेषा (समान उंची दाखवणाऱ्या; जवळजवळ असल्या की चढ खडा) कुठल्या बाजूला एकमेकींना चिकटल्यात?

रुणझुण (९:४०)
डावीकडे, तळ्याच्या जरा अलीकडे.

डोंगरवेडा (९:४४)
मग डावीकडूनच चढा. खडा भाग चढताना सोपा, उतरताना पाय घसरतो, त्यातून ओली मुळं असली तर विचारूच नका.

पाऊलखुणा (९:४७)
आणि त्या चढाच्या पायथ्याशी धाकटा ‘उचल’ म्हणाला तर? पंधरा-सोळा किलो कडेवर घेऊन चढून बघा एकदा.

रुणझुण (९:५५)
सासूबाईही येणार आहेत, ते लिहायचं राहिलं. वर्षापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रोज सपाटीवर तासभर चालतात.

नकाशेवाचक (१०:०२)
अहो, हे आधी सांगायला हवं होतं! गुडघ्यावर खरा भार उतारावर येतो. मग उजवीकडून जा आणि उजवीकडूनच परत या. ८ किमी होतील, म्हणजे एकच जास्त, खडा भाग लागणारच नाही आणि वाटेल तिथून मागे फिरता येईल. पण उतार जपायचाच, तेव्हा सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं असलं तर बरं.

पाऊलखुणा (१०:०४)
हेच मी ८:५८ ला सांगितलं होतं.

डोंगरवेडा (१०:१०)
गुडघा असेल तर मान्य. दोन काठ्या द्या त्यांना. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर जरा वाढवायची. मोठी आणि तिचे बाबा डावीकडून येऊ देत, तळ्यावर भेटा. नकाशा आजच डाउनलोड करून ठेवा, झाडीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. दुपारी ढग दाटतात, तेव्हा बाराच्या आत तळं सोडा. वीज चमकल्यावर ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर काठावर थांबूच नका.

रुणझुण (रविवार, संध्याकाळी ७:२०)
जाऊन आलो. सासूबाईंच्या डॉक्टरांनी फोनवरच होकार दिला, काठ्या घेऊन आणि सावकाश. उजवीकडून तळ्यावर पोहोचायला सव्वादोन तास लागले. धाकटा प्रत्येक मूळ मोजत होता, सत्तरच्या पुढे चुकला की पुन्हा एकपासून. लेक आणि तिचे बाबा आमच्या आधी पोहोचून खडकावर बसले होते. चढाच्या जागी दोन्ही हात टेकावे लागले म्हणाली, भारी खूश होती. पावणेबाराला परत फिरलो. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला धाकट्याला उचलावं लागलं. सासूबाई स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत आल्या. आज गुडघा सुजलेला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

शांतजल (७:४१)
पाण्यात कोणी उतरलं नाही ना?