लहानपणीचं फँटसी पुस्तक आणि त्याला साजेसा चहा: हॉबिटसोबत काय प्यावं?

पानकिडा:
मंडळी, एक बिनकामाचा पण माझ्यासाठी जिव्हाळ्याचा प्रश्न. लहानपणी ज्याची पारायणं केली ते टॉल्किनचं हॉबिट परत वाचायला काढलंय आणि यावेळी सोबत रोजचा चहा नको, पुस्तकाला शोभेल असं काहीतरी करून बसायचंय असं डोक्यात घेतलंय. ड्रॅगन आहे म्हणजे धूर पाहिजेच, म्हणून लॅपसाँग सूशाँग आणला, चीनमधला तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला काळा चहा. डबा उघडला की शेकोटीला बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी शर्टाला येतो तसा वास. मला आवडला, पण वाचायला बसले तर पहिल्या प्रकरणात ड्रॅगन कुठेय, तिथे बिचाऱ्या बिल्बोच्या, म्हणजे आपल्या घरकोंबड्या हिरोच्या दारात एकामागून एक तेरा बुटके येतायत आणि तो धावपळ करतोय, मग हा धूर कशाला असं वाटायला लागलं. तुम्ही पुस्तकाला चहा कसा निवडता? आणि तुमची जोडी कुठली?

किटली_उकळतेय:
अगं ड्रॅगनवरून चहा ठरवायचाच नाही! माझं साधं गणित आहे, राक्षसाकडे बघायचं नाही, हिरोला कशाची आठवण येते ते बघायचं. बिल्बो सगळ्या पुस्तकभर, पावसात भिजताना, गुहेत अडकल्यावर, कशाची आठवण काढतो तर घरची शेकोटी आणि नुकती गाऊ लागलेली किटली. शेवटी बुटक्यांचा निरोप घेताना पण सांगतो की चहा चारला असतो पण तुम्ही कधीही या. अशा माणसाला खमका साधा काळा चहा पाहिजे, आसाम घे, पाणी चांगलं खळखळ उकळलेलं, चार मिनिटं झाकून ठेव, वर दूध. धुराचा हट्टच असेल तर आसामच्या एका चमच्यात लॅपसाँग पाव चमचा मिसळ, जास्त नको, तो घरात शिरला की मालक होऊन बसतो.
बाय द वे स्मॉगच्या, म्हणजे त्या ड्रॅगनच्या, खजिन्यातून बिल्बो पहिल्यांदा काय उचलतो आठवतंय ना? कप! दोन कानांचा. त्या प्रकरणाला नुसता लॅपसाँग माफ आहे.

चहाटळ:
माझी जोडी ॲलिस इन वंडरलँड. त्यातल्या हॅटरच्या वेड्या चहापार्टीत घड्याळ कायम सहावर अडकलेलं म्हणजे कायमच चहाची वेळ, कपबशा धुवायला उसंत नाही म्हणून सगळे एकेक खुर्ची पुढे सरकतात, आणि शेवटी त्या पेंगणाऱ्या डॉरमाऊसला, उंदरासारख्या प्राण्याला, किटलीत कोंबायला बघतात. इथे शहाणा चहा चालणारच नाही. मी गोकर्णाच्या फुलांचा करते. वाळलेली पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं गडद निळं होतं, मग लिंबू पिळायचं, थेंब पडेल तिथून जांभळ्या रेघा खाली उतरतात आणि चमच्याने हलवलं की सगळा कप जांभळट गुलाबी. फुलांमधलं अँथोसायनिन आंबटाला रंग बदलतं, जादूबिदू काही नाही, पण ॲलिस बाटलीतलं पिऊन लहान-मोठी होते त्या पानावर लिंबू पिळून बघा एकदा. चव म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही, थोडी गवताळ, मध घालावाच लागतो.

जुनाट_खवट:
चहाटळ, रंग झकास पण गोकर्ण हा चहा नाही, काढा म्हणा हवं तर. चहा फक्त चहाच्या झुडपाचा. आणि ॲलिस 1865 चं, त्या काळात इंग्लंडमध्ये पिला जाणारा बहुतेक चहा चीनचा, भारताचा चहा तिथे चीनच्या पुढे गेला तो 1880 च्या दशकाच्या शेवटी. त्यामुळे हॅटरच्या टेबलावर आसाम ठेवणं मला पटत नाही. कीमुन हा चीनचा काळा चहा पण नाही, हल्ली लोक सर्रास व्हिक्टोरियन पार्टी म्हटलं की कीमुन सुचवतात, तो 1875 च्या सुमाराला आला. त्या टेबलावर तुमचा तो धुराचा लॅपसाँगच खरा शोभेल. पानकिडाने हॉबिटला आणलेला डबा ॲलिसला द्यावा, हॉबिट 1937 चं आहे, तिथे आसाम बिनधास्त चालेल.

चहाटळ:
@जुनाट_खवट काका, ज्या पार्टीत वाइन नसताना वाइन घे म्हणतात तिथे तुम्ही चहाचा जन्मदाखला मागताय 😄

बर्फातली_चप्पल:
नार्नियाचं, म्हणजे त्यातल्या कपाटातून बर्फाळ जादुई देशात जाणाऱ्या चार भावंडांच्या गोष्टीचं, कोणी म्हणालं नाही म्हणून लिहिते. सगळे त्याला पेपरमिंट सुचवतात कारण बर्फ. मला नाही पटत. धाकटी ल्युसी कपाटातून आत जाते आणि टुम्नस, अर्धा माणूस अर्धा बोकड, तिला गुहेत नेऊन चहा देतो, उकडलेलं अंडं, सार्डिन घातलेला टोस्ट, मग लोणी लावलेला, मग मध लावलेला, मग साखर लावलेला केक. लहानपणी मी ती यादी गोष्ट बाजूला ठेवून परत परत वाचायचे. नंतर कळलं की पुस्तक आलं 1950 साली आणि तेव्हा ब्रिटनमध्ये चहा रेशनवरच होता, 1952 पर्यंत, मिठाई आणि साखर तर 1953 पर्यंत. म्हणजे तेव्हाच्या पोरांना ते टेबल बोलणाऱ्या प्राण्यांपेक्षाही अशक्य वाटत असणार, आणि ल्युसीचा भाऊ एडमंड मिठाईसाठी भावंडांना विकतो त्याचा रागही जरा कमी होतो.
पण खरी गंमत अशी की टुम्नसचा पाहुणचार हा सापळा आहे, बासरी वाजवून तिला झोपवून चेटकिणीला द्यायचंय. म्हणून माझी जोडी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा, मध घालून. (हो खवट काका, हाही चहा नाही, माहितीये.) गोड, पिवळा, निरुपद्रवी दिसणारा आणि दहाव्या पानाला पापण्या जड. रात्री वाचणाऱ्यांनी जपून, माझी पुढची दोन प्रकरणं नेहमी सकाळवर जातात.

ऊलाँगवाला:
जोड्या मस्त आहेत सगळ्या पण वाचताना चहा विसरला जातो त्याचं काय? पानं कपात तशीच राहिली की काळा चहा कडूजहर, ग्रीन तर विचारूच नका, तो 80 डिग्रीच्या आतल्या पाण्यात दोन मिनिटं आणि लगेच गाळायचा, नाहीतर घसा धरतो. जाड पुस्तकाला मी ऊलाँग घेतो, ग्रीन आणि काळ्याच्या मधला चहा, गोळ्या वळलेला. छोट्या किटलीत पानं जरा जास्त, पाणी कमी, अर्ध्या-पाऊण मिनिटात ओतून घ्यायचं, आणि त्याच पानांवर परत पाणी, पाच-सहा वेळा आरामात निघतं. मी प्रकरण संपलं की पाणी घालतो. पहिल्याला फुलांचा वास, तिसऱ्यापर्यंत गोळ्या उलगडून अख्खी पानं दिसतात आणि चव भरते, मग हळूहळू पाणचट. प्रवासाच्या गोष्टीला याहून बरं काही मला सापडलेलं नाही. दूध मात्र घालू नका, प्लीज.

पानकिडा:
वा, भरपूर मिळालं. किटलीचं पटलं, आसाम आणि चिमूटभर धूर, आणि स्मॉगच्या प्रकरणाला नुसता लॅपसाँग. हॉबिटमध्ये मधे अस्वल होणाऱ्या बिऑर्नच्या घरी मधमाश्या आणि मधच मध आहे, तिथे आसाममध्ये साखरेऐवजी मध घातला तर?

किटली_उकळतेय:
घाल की, पण दुधाच्या चहात मधाची चव दबते, तेवढ्या प्रकरणाला कोराच कर आणि पाव चमचा लॅपसाँग पण काढून टाक.