वडिलांच्या हातांना कंप आहे, हे लोकांना आपणहून सांगावे का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे असून कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तीसहून अधिक वर्षे कोल्हापुरी साजाची पाने घडवत आले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापू लागले. मेंदूविकारतज्ज्ञांनी हा पार्किन्सन नसून ‘इसेन्शियल ट्रेमर’ असल्याचे सांगितले. पार्किन्सनमध्ये हात प्रामुख्याने स्वस्थ असताना थरथरतो. बाबांचा हात मांडीवर अगदी स्थिर असतो, पण चिमट्यात पान धरून झाळायला (सांधा जोडायला) घेतले की थरथर सुरू होते. आजीचेही हात असेच कापत आणि आम्ही त्याला म्हातारपण समजत आलो. हा विकार अनेकदा घराण्यात चालत येतो, हे आता कळले. प्रोप्रानोलोल या औषधाने थोडा उतार आहे.

खरा त्रास माणसांचा आहे. एका लग्नात पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाशी नेताना अर्धी सदऱ्यावर सांडली आणि समोरचे पाहुणे हसून म्हणाले, “आज सकाळीच घेतलीय वाटतं!” बाबांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. वास्तविक दारूने हा कंप काही वेळ कमी होतो आणि अंमल उतरला की उलट वाढतो, म्हणजे ते प्यायले असते तर कदाचित वाटी सांडलीच नसती. पण हे पंगतीत कोणाला समजावणार? तेव्हापासून ते कोणाकडे चहासुद्धा घेत नाहीत. चहाने कंप वाढतो हे खरे असले, तरी ते त्यांना आयते मिळालेले निमित्त आहे, असे मला वाटते.

कोणी हाताकडे टक लावून पाहिले की थरथर आणखी वाढते, म्हणून आधीच सांगून टाकावे असे माझे मत आहे. बाबा म्हणतात, “सोनं दुसऱ्याचं असतं. गुजरीत बातमी फुटली की काम कोण देणार?” त्यांचे म्हणणेही मला खोडता येत नाही.

आपल्यापैकी कोणी व्यवसायाच्या ठिकाणी हे उघडपणे सांगितले आहे का? सांगितल्यावर कामावर काय परिणाम झाला? निदान नातेवाइकांना तरी, बाबांना ओशाळे न वाटता, कसे सांगावे? पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचे लग्न आहे आणि “अक्षता टाकून लगेच निघेन, जेवायला थांबणार नाही,” असे बाबांनी आत्ताच सांगून ठेवले आहे. त्याआधी उत्तरे मिळाली तर फार बरे होईल.