खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा गेलेला आत्मविश्वास परत कसा येईल?

जास्वंद (प्रश्न):
माझी आई 72 वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, हाड जुळून आले आणि काठी घेऊन बाहेर फिरायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तरीही ती उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. वडील गेल्यानंतर जेवणाचे डबे करून जिने आम्हा भावंडांची शिक्षणे केली, पहाटे मंडईत जाऊन जी स्वतः भाव ठरवत असे, ती माझी आई आता जिन्याकडे पाहूनच म्हणते, “मला नाही गं जमायचं.” आम्ही तिला कशालाही उठू देत नाही, चहासुद्धा हातात नेऊन देतो. आयुष्यभर संकटांना तोंड दिलेल्या माणसाचा आत्मविश्वास एकदा पडल्याने असा कसा जातो? आम्ही तिला धीर द्यावा, की आग्रह करावा?

पायवाट:
मी मानसशास्त्र शिकवतो. आईंचा आत्मविश्वास सरसकट गेला आहे, असे मला वाटत नाही. उद्या कोणी डब्यांचा हिशेब चुकवला, तर त्या आजही ठणकावून बोलतील. गेला आहे तो स्वतःच्या पायांवरचा भरवसा. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये ही कल्पना मांडली, की ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास बहुतांशी त्या त्या कामापुरता असतो आणि तो सर्वांत पक्का होतो तो ते काम स्वतः करून दाखवल्याने. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे आणि छातीतल्या धडधडीचा योग्य अर्थ लावणे यांचाही उपयोग होतो, पण त्यांचा क्रम नंतरचा. सापांची अतोनात भीती असलेल्या लोकांवर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले, तेव्हा नुसते पाहणाऱ्यांपेक्षा मार्गदर्शकासोबत टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष साप हाताळणाऱ्यांची भीती अधिक कमी झाली. आधी हातमोजे घालून, मग उघड्या हाताने, आणि शेवटी मार्गदर्शकाशिवाय, असा तो क्रम होता.

बांडुराचा आणखी एक मुद्दा तुमच्या घराला थेट लागू पडतो. अगदी सहज मिळालेल्या यशाने आलेला विश्वास पहिल्या अडचणीतच ढासळतो. थोडे झगडून मिळवलेला टिकतो. म्हणून चहा हातात नेऊन देण्यामागची तुमची माया समजत असूनही, ती सवय थांबवावी असे मी मनापासून सुचवतो.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. सैन्यातील हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. रिंगणातले कौशल्य पाण्यात फारसे कामाला येणारे नव्हते. उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहण्यापासून नव्याने सुरुवात करावी लागली. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धांमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. मुष्टियुद्धातून अंगी आलेली चिकाटी त्यांच्या उपयोगी पडली असणारच. आईंचीही जुनी चिकाटी जागेवर आहे. ती खर्ची घालण्याजोगे काम मात्र त्यांच्यापुढे ठेवावे लागेल.

टेकू:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडल्यानंतरची भीती फार जणांमध्ये दिसते. भीतीमुळे माणूस चालणे टाळतो, न चालल्याने मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. म्हणून आधी खुर्चीतून उठून उभे राहणे, मग ओट्याला धरून उभे राहणे, मग घरात काठीने फेऱ्या आणि त्यानंतर जिना, असा क्रम ठेवावा. प्रत्यक्ष व्यायाम मात्र तुमच्याकडच्या फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवून द्यावेत. काठी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी. सुरुवातीला एकच पायरी चढून उतरावी. सोबतच्या माणसाने दंड धरून ओढू नये; चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे उभे राहावे. न्हाणीघरात भिंतीला पक्के दांडे, न घसरणारी चटई आणि रात्री दिवा, एवढी सोय आधी करावी.

मोगरा:
अशाच शस्त्रक्रियेतून मी गेले आहे, म्हणून लिहिते. “काही होत नाही, चला” असे घरचे म्हणत, तेव्हा मला अधिकच भीती वाटे, कारण काय होऊ शकते ते मी अनुभवलेले होते. शेजारच्या इमारतीतील एक बाई माझ्याआधी यातून गेल्या होत्या. त्या जिन्यावर कुठे थांबतात आणि कठडा कसा धरतात, हे पाहिल्यावर मला हुरूप आला. आईंच्या वयाची अशी कोणी ओळखीची असेल, तर तिला घरी बोलवावे. शिवाय पहिल्यांदा बाहेर कुठे जायचे, ते आईंनाच ठरवू द्या. मी पिठाची गिरणी निवडली होती, कारण तिथे बसायला बाक आहे आणि वाटेत रस्ता ओलांडावा लागत नाही.

जास्वंद:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले, तर ती म्हणाली की तिला मंडईत जायचे आहे. तिथली गर्दी आणि ओली फरशी पाहता पहिल्याच वेळी ते योग्य होईल का?

टेकू:
पहिल्याच वेळी नको, पण मंडईचे नाव सोडूही नका. आधी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊ द्या आणि भाव त्यांनाच करू द्या. उठताना चक्कर येत असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर त्याआधी डॉक्टरांना अवश्य दाखवा.