जुनी हिमालयन ४११: मागचा प्रीलोड किती ठेवावा?

प्रश्न: वापरलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकल घेतली आहे. सहप्रवासी आणि सामान असताना ती मागून बसते व वळणावर पुढचे चाक हलके वाटते. प्रीलोड (मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कितपत वाढवावा?

उत्तर १: आधी मोजावे. मागचे चाक अधांतरी असताना आणि दोघे सामानासह बसल्यावर, चाकाच्या आसापासून शेपटीवरील खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मागच्या चाकाची हालचाल १८० मिमी असल्याने, फरक त्याच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे ५५ मिमीच्या आसपास येईपर्यंत सी-स्पॅनरने (आकड्यासारख्या पान्याने) स्प्रिंगवरचे कडे आवळावे.

उत्तर २: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, केवळ गाडीची उंची बदलते. खड्ड्यानंतर ती डोलतच राहत असेल, तर आधी शॉकॲब्सॉर्बर तपासावा; तेल गळत असल्यास कडे फिरवणे व्यर्थ आहे.

प्रश्नकर्ता: गळती नाही. एकट्याने जाताना कडे पुन्हा सैल करावे का?

उत्तर १: होय, अन्यथा मागचा भाग उडतो.